शांतामामींचा खुबा आणि फिटरमामा

आमचे शेजारी दशरथमामा कुणाच्याही घरी गेले की आधी दार हलवून बघतात, मग पाणी घेतात. बिजागरीला कान लावायचा आणि यजमानाच्या तोंडावर सांगायचं, "एक सूत ढिलं हाय." दौंडच्या रेल्वे शेडमध्ये फिटर म्हणून उभा जन्म गेला, निवृत्त होऊन जमाना झाला, पण माणूस अजून ड्युटीवरच. माझ्या मुलीच्या साखरपुड्यात त्यांनी नवऱ्या मुलाचा हात हातात घेऊन दोनदा हलवला. निकाल जाहीर केला नाही, एवढीच मेहेरबानी.

अशा माणसाच्या बायकोचा खुबा मोडावा, हे डॉक्टरचं दुर्दैव.

शांतामामी अंगणात कढीपत्ता तोडताना घसरून पडल्या. माझ्या गाडीच्या मागच्या सीटवर आडवं झोपवून आम्ही त्यांना गावातल्याच एका दवाखान्यात नेलं. एक्स-रे फोटो निघाला. डॉक्टर तरुण होता. म्हणाला, हाड खुब्यातच मोडलंय, सांधा बदलावा लागेल, उशीर करून चालणार नाही, उद्या सकाळीच घेऊ. मग त्यानं टेबलावर एक चकचकीत पुस्तिका ठेवली. "यातला कुठला बसवायचा ते घरच्यांनी ठरवा."

इथं मी पहिल्यांदा चिडलो. घरच्यांनी काय ठरवायचं? आम्ही काय साड्या बघायला आलो होतो? अर्धा सांधा, पूर्ण सांधा, धातूचा गोळा, सिरॅमिकचा गोळा, सिमेंटचा, बिनसिमेंटचा. तिकडे बाई विव्हळतेय आणि इकडे आमच्या हातात कॅटलॉग. मी विचारलं, "तुमची आई असती तर कुठला बसवला असता?"

"अर्धा," तो सरळ म्हणाला. "सिमेंट लावून. या वयाला तो दहा-पंधरा वर्षं आरामात जातो. तेवढा पुरे."

विषय संपला असं मला वाटलं. मामांनी चष्मा लावला.

"सिमेंट? शेडमधी कुनी ढिल्या जागेत कायबाय भरून काम पास केलं असतं, तर मी त्याला फाटकाबाहेर काढला असता. फिटिंग म्हंजी ठोकून बसलं पायजे."

"मामा, हे लोखंड नाही. मामींचं हाड ठिसूळ झालंय. ठोकताना तडकलं तर पंचाईत. सिमेंटनं लगेच पकड येते, दुसऱ्या दिवशी उभं करता येतं," डॉक्टर म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामी उपाशीपोटी तयार, ऑपरेशनची खोली तयार, आणि मामा सहीला तयार नाहीत. मामींच्या खोलीबाहेर खिडकीला फोटो धरून पट्टीनं मोजत बसलेले. तळेगाव ढमढेऱ्याच्या त्यांच्या भाच्याला तीस वर्षं टिकणारा बिनसिमेंटचा पूर्ण सांधा बसवला होता, मामांना तोच हवा. भाचा पंचेचाळिशीचा, दिवसभर ट्रॅक्टरवर चढउतार करणारा. मामींनी सत्तरी ओलांडलेली. डॉक्टरनं तीनदा समजावलं, चौथ्यांदा तो घड्याळ बघून निघून गेला. माझं डोकंच भडकलं.

"मामा, आत बाई कळवळतेय आणि तुम्ही इथं शेड चालवताय? काही वाटतं का तुम्हाला?"

मामा वळले. डोळे लाल झाले होते.

"काल त्यो काय म्हनला, तुमी ऐकलं न्हाई का? धा-पंधरा वर्सं. तेवढा पुरे. भाच्याला तीस वर्सांचा बसिवला, आन् हिला एवढाच पुरे? म्हंजी हिनं किती जगायचं ते ह्यानं ठरवून टाकलं. कवा ठरवलं? कुनाला इचारून?"

मला वाटत होतं हा माणूस सिमेंटवरून भांडतोय. तो बायकोच्या वर्षांसाठी भांडत होता. डॉक्टरचं ते वाक्य मीही ऐकलं होतं आणि शहाण्यासारखी मान डोलावली होती. आता त्या मानेची लाज वाटली.

खोलीतून मामींचा आवाज आला. "अवो, पंधरा लई झाली. मला कूस बदलता येत न्हाई, तेवढं बघा आधी. करा सही."

मामा आत गेले. मामींच्या कपाळावरचे केस त्यांनी मागं सारले. "पंधरा म्हंजी कमीत कमी पंधरा, हां. पुढं आपून बदलून घिऊ."

"बरं," मामी म्हणाल्या.

मामांनी सही केली, मामींना ऑपरेशनला आत नेलं. आम्ही बाहेर बाकावर बसलो.

"आमाला पोरबाळ न्हाई," मामा म्हणाले. "मी हिच्याहून आठ वर्सांनी मोठा. मी हाय तवर उचलून नेईन कुठं बी. माझ्यामागं तिला तिच्या पायावरच हिंडायचंय. म्हनून म्हनत हुतो, तीस वर्सांचा द्या."

"आम्ही आहोत की मामा," मी म्हणालो.

"व्हय, म्हनताय खरं," ते म्हणाले, आणि ऑपरेशनच्या खोलीवरच्या लाल दिव्याकडे बघत राहिले.