वरवंट्याची ट्रायल

श्रीरंगनं बायकोला पळू द्यायचं ठरवलं. फक्त त्याआधी बाबागाडीचा अभ्यास करायचं ठरवलं, तिथंच घोळ झाला.

मृण्मयीनं खरं तर काहीच अवघड मागितलं नव्हतं. लग्नाआधीपासून ती पळायची. हाफ मॅरेथॉनची मेडलं शोकेसमध्ये कपबशांच्या मागं पडली होती. सावनी झाली आणि पळणं थांबलं. सात महिन्यांनी डॉक्टर म्हणाल्या, पळा आता. तेव्हा ती नवऱ्याला एवढंच म्हणाली, "सकाळी तासभर हिला बघ. मी क्रीडा संकुलापर्यंत पळून येते."

सकाळचा तो तास म्हणजे श्रीरंगच्या झोपेची मलई. त्यानं मोठ्या मनानं विचार केला आणि सांगितलं की लेकराला आईपासून तोडणं बरं नाही, तू तिला सोबतच ने. परदेशात बायका जॉगिंग स्ट्रोलर ढकलत पळतात. त्यानं व्हिडिओ पाहिला होता. त्यातली बाई हसत पळत होती आणि मागं तळं होतं. त्यांच्या गारखेड्यात तळं ड्रेनेज फुटल्यावरच दिसतं, पण तो मुद्दा वेगळा.

श्रीरंग वाळूजच्या एका कंपनीत क्वालिटीला होता. घरात झाडू आणला तरी तो आधी त्यातला दोष शोधायचा. इथं तर बाबागाडी होती. हवेची चाकं की भरीव, पुढचं चाक फिरणारं की फिक्स, हाताचा ब्रेक, मनगटाला बांधायचा पट्टा. पोळी मोडता मोडता तो सस्पेन्शनवर बोलायचा. अभ्यास इतका खोल गेला की दाराशी ठेवलेल्या मृण्मयीच्या बुटात कोळ्यानं घर केलं.

शेवटी एक गाडी ऑनलाइन मागवली. तीन चाकं, काळी, रुबाबदार. मृण्मयीनं सावनीला टोपडं घातलं, तर श्रीरंग आडवा आला. ट्रायल पास झाल्याशिवाय लेकरू गाडीत बसणार नाही. आधी रिकामी पळवायची.

"रिकामी नको ढकलू बाबा," त्याची आई मीनाक्षीबाई आतून म्हणाल्या. "रिकामा पाळणा हलवला की लेकराच्या पोटात दुखतं."

"आई, हा पाळणा नाहीये."

"लेकरू झोपतं ना त्यात? मग पाळणाच. ओट्याखालचा वरवंटा काढ."

वरवंटा निघाला. मीनाक्षीबाईंनी त्याला दुपट्यात गुंडाळलं, वर सावनीचं जुनं टोपडं बांधलं. श्रीरंगनं कपाळाला हात लावला. त्या शांतपणे म्हणाल्या, "बारशाला सावनीच्या आधी हाच पाळण्यात गेलता. त्याला सवय आहे."

पहिली ट्रायल श्रीरंगनं स्वतः घेतली. दुधाच्या डेअरीपर्यंत गेला आणि वरवंट्यासकट रिक्षानं परत आला. तेव्हापासून ट्रायलचं काम मृण्मयीकडं गेलं. ती येईपर्यंत सावनीला कोण बघणार? पोरगी रांगायला लागली होती आणि मीनाक्षीबाईंचे गुडघे तिच्यामागं धावायच्या लायकीचे उरले नव्हते. राहिला श्रीरंग. नियम त्याचाच होता, बोलणार कुणाला.

पहिल्या दिवशी मृण्मयी तासाभरानं लालबुंद होऊन आली. म्हणाली, "गाडी डावीकडं ओढते. दोन-चार दिवस बघते अजून." दोन-चार दिवस बघून गाडी परत गेली. दुसरी आली. तिचं हँडल चढावर थरथरायचं. तीही परत. तिसरीचं पुढचं चाक तिला वळणावर पटेना. श्रीरंग ऑफिसात कौतुकानं सांगायचा, की आमची मिसेस म्हणजे आमच्या डिपार्टमेंटला पाहिजे होती, बारीकसारीक काही सुटत नाही तिच्या नजरेतून.

दरम्यान तो स्वतः डायपर बदलायला शिकला. नाचणीची खीर गुठळ्या न होता करू लागला. सावनी कोणत्या रडण्यात काय मागते, हे त्याला आता झोपेतही कळायचं. झोप उरली नव्हती, तो भाग वेगळा.

मग एक दिवस नळाला पाणी आलं. न सांगता. मृण्मयी बाहेर पळत होती आणि इकडं अख्खी गल्ली मोटारी, बादल्या आणि पाइप घेऊन रस्त्यावर उतरली. समोरच्या सुलेखाकाकूंचा पाइप तर या फुटपाथपासून त्या फुटपाथपर्यंत आडवा. मृण्मयी कोपऱ्यावरून वळली ती चांगल्या वेगात. पुढचं चाक पाइपावर चढलं, गाडी उडाली. पट्टे लेकरासाठी केलेले, वरवंटा त्यातून सुळकन निघाला आणि टोपड्यासकट डोक्यावर सिमेंटच्या रस्त्यात आपटला.

गल्ली जागच्या जागी थिजली. सुलेखाकाकूंची बादली भरून वाहत होती, पण हात हलेना. मृण्मयी थांबली. टोपड्याला धरून एका हातानं उचललं, धूळ झटकली, कुठं टवका उडालाय का बघितलं आणि परत गाडीत टाकलं.

"काही होत नाही त्याला," काकूंना एवढं सांगून ती पुढं पळाली. तिचा अजून एक राउंड बाकी होता.

पाच मिनिटांत श्रीरंगच्या दारात माणसं. पुढं गल्लीतले वडीलधारे आप्पासाहेब, मूळचे फुलंब्रीचे, सगळ्यांच्या भानगडीत हक्कानं पडणारे. मागं ओल्या साडीनिशी सुलेखाकाकू. दार उघडलं तर श्रीरंगच्या कडेवर सावनी, तोंडभर खीर.

आप्पासाहेबांनी सावनीकडं पाहिलं. मग रस्त्याकडं पाहिलं. "म्हंजे जुळं हायेत व्हय?"

"बारशाला एकच दाखवलं आम्हाला," काकू रडवेल्या होऊन म्हणाल्या. "दुसऱ्याला असं वागवता?"

"काकू, तो वरवंटा आहे."

"नाव कायबी ठेवा," आप्पासाहेब म्हणाले, "लेकरू हाय ते. डोक्यावर पडलंय. दवाखान्यात न्या आधी."

श्रीरंग समजावत होता. ट्रायल, लोड, रिकामा पाळणा, सगळं सांगून झालं. जितकं सांगत होता तितकी माणसं त्याच्याकडं जास्त संशयानं बघत होती. तेवढ्यात मृण्मयी आली. तिनं टोपडं सोडलं आणि वरवंटा टीपॉयवर ठेवला. काकूंनी जवळ जाऊन बोट लावून पाहिलं. मीनाक्षीबाई आल्या, "चटणी राहिलीय वाटायची," म्हणत वरवंटा पदराखाली घेऊन आत गेल्या.

आप्पासाहेबांना मोकळं हसणं शोभलं नसतं. काहीतरी विचारायचं म्हणून त्यांनी विचारलं, "मग सूनबाई पळायला जाती तवर पोरगी कोन सांभाळतं?"

"मी."

"रोज?"

"रोजच. ट्रायल संपेपर्यंत."

"बरं. पोरगी तुझ्यापाशी लई खुश दिसती." आप्पासाहेबांनी चप्पल पायात सरकवली. "मग गाडी कशाला पायजे रे तुला?"

माणसं खाली उतरली. श्रीरंग दारातच उभा राहिला. त्याच्या डोक्यात काहीतरी हळूहळू जुळत होतं. डावीकडं ओढणं. थरथरणारं हँडल. वळणावरचं चाक. त्यानं मागं वळून पाहिलं. मृण्मयी खाली बसून बुटाची नाडी सोडत होती. फार मन लावून. आतून वरवंट्याचा आवाज येत होता, आणि त्या आवाजात मीनाक्षीबाईंचं दाबलेलं हसू.

सावनीनं खिरीचा हात त्याच्या नाकावर फिरवला. त्यानं तो पुसला नाही.

"ही कशी वाटली?" त्यानं विचारलं.

"पाइपावर उडते," मृण्मयी मान खाली घालूनच म्हणाली. "मुलीला बसवण्यासारखी नाही."

श्रीरंगनं सावनीला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि खिशातून मोबाइल काढला.

"चौथी मागवू?"

"मागव," ती म्हणाली. "घाई नाही."