भेगेखाली चार बोटं

माप या विषयावर लातुरात माझ्याशी कुणी वाद घालू नये. ट्यूशनच्या गल्लीत माझं झेरॉक्स आणि बाइंडिंगचं दुकान आहे. डॉक्टर व्हायला निघालेली निम्म्या मराठवाड्याची पोरं माझ्या कात्रीखालून गेलेल्या नोट्स वाचतात. कागद अर्धा मिलिमीटर तिरका गेला तरी मला गल्ल्यावर बसल्या बसल्या कळतं. त्यामुळे घरात नवीन स्वयंपाकघर करायचं ठरलं तेव्हा मी बायकोला स्वच्छ सांगितलं, "तू फक्त नांदेडला जा. आठ दिवसांनी परत ये आणि फोडणी घाल. मधलं काही बघू नकोस."

महानंदानं माझ्याकडे बघितलं. सत्तर पानांच्या नोट्समध्ये एक पान कमी निघाल्यावर गिऱ्हाईक बघतं ना, तसंच.

तिचंही चूक नव्हतं. आमचा जुना ओटा माझ्या आईच्या मापाचा होता. आई चांगली उंच. माळ्यावरचा डबा ती स्टूल न घेता काढायची. महानंदा लग्न होऊन आली आणि त्याच ओट्यावर बावीस वर्षं खांदे वर उचलून भाकरी थापत राहिली. उजव्या खांद्याला तेल चोळल्याशिवाय तिला झोप लागत नसे. एवढ्या वर्षांत साडी, दागिना काही मागितलं नाही. मागितलं ते एकच, तिच्या मापाचा ओटा.

पण लातुरात तेव्हा गवंडी मिळवणं हे मेडिकलची सीट मिळवण्याइतकंच अवघड होतं. सगळे गवंडी होस्टेलं बांधण्यात गुंतलेले. खाजा मिस्त्रीच्या मागे मी चार महिने फिरलो, तेव्हा कुठे त्याला एका होस्टेलचा स्लॅब आणि दुसऱ्याचा पाया यांच्यामध्ये आठ दिवस सापडले. नेमकं त्याच आठवड्यात नांदेडला महानंदाच्या बहिणीच्या, दामिनीच्या पुतण्याचं बारसं निघालं. मी म्हटलं, उत्तमच झालं.

निघण्याआधी महानंदा मला हाताला धरून स्वयंपाकघरात घेऊन गेली.

तिथल्या भिंतीवर आमची भेग होती. आमची म्हणजे भूकंपाची. त्र्याण्णवच्या त्या पहाटे खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरकी खाली उतरलेली. नंतर घरं तपासायला आलेल्या इंजिनिअरनं सांगितलं होतं, भेगेच्या टोकाशी पेन्सिलनं खूण करून तारीख घाला, पुढं सरकली तर घर सोडा. तेव्हापासून दर तीस सप्टेंबरला मी टोकाशी तारीख घालत आलो. बारा तारखा एकाखाली एक झाल्या. भेग मात्र दोऱ्याइतकीही सरकली नाही.

महानंदा भिंतीला चिकटून उभी राहिली आणि कोपर वाकवलं. भेगेचं खालचं टोक तिच्या कोपराला बरोबर टेकलं.

"बघितलंत? ओटा भेगेखाली चार बोटं. कुणाची? माझी चार बोटं. तुमची न्हाई."

"कळलं."

"काय कळलं, सांगा बरं."

"भेगेखाली चार बोटं."

"लिहून ठेवा."

लिहून ठेवायला मी काय आठवीतला होतो? बायको बसमध्ये बसली आणि मी कामाला लागलो.

पहिल्या दिवशी खाजानं जुना ओटा फोडला. दुसऱ्या दिवशी भिंतीला टाइल्स लावायच्या, म्हणून तो भेगेपाशी येऊन थांबला. हातातली थापी त्यानं खाली ठेवली.

"आप्पा, ही भरू का?"

किल्लारीकडच्या एका गावात खाजाचं आजोळ होतं. त्या पहाटेनंतर ज्याच्याकडं जावं असं तिकडं कुणी उरलं नाही, असं त्यानं मला एकदाच सांगितलं होतं. मला आठवलं, धाकट्याला पोटाशी धरून महानंदा अंगणात उभी होती आणि उजाडलं तरी घरात यायला तयार नव्हती. बारा वर्षं या भेगेची धास्ती घेऊन आम्ही जेवलो होतो.

"भर," मी म्हटलं. "पुरे झालं आता."

खाजानं भेग खोदून घेतली, सिमेंट ठासून भरलं. संध्याकाळपर्यंत भिंतीवर छतापासून जमिनीपर्यंत पांढऱ्या शुभ्र टाइल्स लागल्या. मला खरोखर हलकं वाटलं. त्या रात्री मी फार छान झोपलो.

तिसऱ्या दिवशी सकाळी खाजा टेप काढून उभा राहिला.

"ओटा किती उंच घ्यायचा, आप्पा?"

"भेगेखाली चार बोटं," मी ऐटीत सांगितलं.

खाजानं भिंतीकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग परत भिंतीकडे.

"भेग कुठंय?"

"तू काल भरलीस ती."

"म्हंजे आता कुठंय?"

आम्ही दोघांनी टाइल्सवरून हात फिरवून बघितला. खाजाचं काम इतकं चोख होतं की भिंतीला कधी काळी भेग होती, हे इंजिनिअरलाही पटलं नसतं.

"जुना ओटा किती होता?" खाजानं विचारलं.

"तू परवा फोडलास."

"मोजला न्हाई तुम्ही?"

"त्यापेक्षा खाली घ्यायचा होता. मोजून काय करणार?"

खाजा गोणीवर बसला आणि तंबाखू मळू लागला. "मग वहिनीसाहेबांला फोन लावा की."

हे सुचवायला त्याला काय जात होतं? फोन लावायचा म्हणजे भेग बुजवल्याचं कबूल करायचं. तेही दामिनीच्या घरी. दामिनीकडे गेल्या वर्षीच ट्रॉल्यांचं स्वयंपाकघर झालं होतं आणि आमच्या घराविषयी ती नेहमी फार सहानुभूतीनं बोलत असे. मी म्हटलं, "काही गरज नाही. आपल्याकडं व्यंकटी सर आहेत."

व्यंकटी सर आमच्या माडीवर भाड्यानं राहत. मूळचे धर्माबादचे, फिजिक्स शिकवायचे. त्यांच्या नोट्स माझ्याच दुकानात निघत, त्यामुळे त्यांच्या बुद्धीवर माझा पूर्ण विश्वास होता. सर खाली आले, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सोपा प्रश्न आहे. वहिनींची उंची सांगा. कोपर उंचीच्या त्रेसष्ट टक्क्यांवर येतं. त्यातून चार बोटं वजा करायची."

"उंची..." मी म्हटलं. बावीस वर्षांचा संसार, आणि हाताचा पंजा हवेत धरून मी हे दाखवू की ते दाखवू करत राहिलो. एकदा खांद्यापाशी धरला, एकदा कानापाशी.

"फोटो आहे का दोघांचा उभा?"

बैठकीत लग्नाचा फोटो होता. मी कोट घालून ताठ, शेजारी महानंदा. तिचा शालू असा पसरलेला की पावलं दिसत नव्हती. सरांनी पट्टी लावली.

"तुमची उंची?"

"पाच फूट पाच."

"फोटोत तुम्ही सतरा सेंटिमीटर, वहिनी साडेसोळा. म्हणजे वहिनी पाच फूट तीन इंच."

"लई झाली की," खाजा म्हणाला. "वहिनीसाहेब एवढ्या न्हाईत वाटत."

"वाटण्यावर जायचं नसतं," सर म्हणाले. "तरी एका रीडिंगवर मी उत्तर देत नाही. दुसरा पुरावा पाहिजे."

दुसरा पुरावा म्हणजे फोनच. शेवटी मी मनाचा हिय्या करून नांदेडला लावला. दामिनीनं उचलला.

"काय दाजी, झालं का किचन?"

"होऊन राहिलंय. जरा हिला दे."

महानंदा आली. मागून बायकांच्या हसण्याचा आवाज येत होता. मी शक्य तितक्या सहज विचारलं, "काय गं, तुझी उंची किती?"

पलीकडून दबक्या आवाजात, "कशाला?"

"असंच."

"असंच कसं? बावीस वर्षांत कधी विचारली न्हाई."

"सांग की. काम आहे."

"काय आणून राहिलात?" तिचा आवाज एकदम मऊ झाला. मागून दामिनीचा आवाज आला, "आरशाचं कपाट आणून राहिले असतील, ताई! सांग, सांग."

"पाच फूट दोन," महानंदा जरा मोठ्यानंच म्हणाली. "बघायला आला होतात तेव्हा आमच्या अण्णांनी सांगितली नव्हती का?"

सांगितली होती. मला लख्ख आठवलं. सासरे शंकरप्पा सुपारी कातरत म्हणाले होते, "मुलगी पाच दोन आहे." मी आनंदानं फोन ठेवला. फोटो, सासरे आणि प्रत्यक्ष बायको असे तीन पुरावे जुळले होते. फोटोतला जास्तीचा एक इंच सरांनी अंबाड्याच्या खात्यात टाकला.

"छत्तीस इंच," सर म्हणाले आणि वर बॅच घ्यायला निघून गेले.

खाजानं छत्तीस इंचावर कडप्पा टाकला. त्यावर सिमेंटचा माल, मालावर ग्रॅनाइट. झाले अडतीस. मी विचारलं तर म्हणाला, "तुम्ही कुठं सांगितलं की ग्रॅनाइट धरून?" दोन इंचांसाठी आता काय फोडाफोडी करायची! खाली स्टीलच्या ट्रॉल्या इंचाइंचाला मोजून बसवल्या होत्या. ओटा हलवायचा तर सगळंच हलवावं लागणार होतं. आणि खरं सांगू? मला तो ओटा फारच आवडला. काम बघता बघता मी त्यावर हात टेकून चहा प्यायचो, इतकं सोयीचं वाटायचं.

"वहिनीसाहेबांला जमंल का?" खाजानं जाताना एकदा विचारलं.

"गणित आहे, खाजाभाई."

"हाव, गणित हाय," खाजा म्हणाला आणि सायकलला थापी-ओळंबा अडकवून दुसऱ्या होस्टेलच्या पायाकडे निघून गेला.

आठव्या दिवशी महानंदा आली. एकटी नाही, दामिनीला घेऊन. बहिणीला नवीन स्वयंपाकघर दाखवायचं होतं. मी पडदा ओढावा तसं दार उघडलं.

टाइल्स चमकत होत्या, ट्रॉल्या चमकत होत्या. महानंदा हळूहळू ओट्यापाशी गेली. तिनं हात वर ठेवला. ठेवला म्हणजे, उचलून ठेवला. ओटा तिच्या छातीला लागत होता. तिनं टाइल्सकडे बघितलं, जिथं भेग होती तिथं. मग माझ्याकडे बघितलं. ते बघणं मी अजून विसरलेलो नाही.

"कसा झालाय, ताई?" दामिनीनं विचारलं.

महानंदा शांतपणे म्हणाली, "मस्त झालाय. अगदी माझ्या मापाचा."

मला वाटलं, सुटलो. बायको असावी तर अशी.

"तू बाहेर बस दामिनी, दमली असशील. मी चुरमुऱ्यांचा सुशीला करते पटकन." दामिनीला बैठकीत बसवून ती परत आली आणि दार लोटून कुजबुजली, "पाट आणा."

मी पाट आणला. ती त्यावर चढली. तरी शेगडीवरची कढई हनुवटीपाशीच.

"आणखी एक."

मी दुसरा आणला, एकावर एक ठेवला. आता कुठे तिला कढईचा तळ दिसला.

"अगं, पण पाच दोन म्हणालीस तू," मी कुजबुजलो.

"दामिनी शेजारी बसली होती. तिच्यासमोर चार फूट नऊ सांगू?"

"आणि अण्णा?"

"अण्णांना लेक उजवायची होती. जाताना मी उंची कुठं सांगितली होती तुम्हाला? भेगेखाली चार बोटं सांगितलं होतं." बोलता बोलता तिनं उजवा खांदा चोळला. "बावीस वर्षं खांदे उचलून राहिले मी. आणखी उंच करून ठेवलात."

मला इतकं वाईट वाटलं की सरांचा, सासऱ्यांचा, खाजाचा कुणाचाच राग येईना.

तेवढ्यात दार ढकलून दामिनी आत आली. तिची नजर सरळ महानंदाच्या पायाखाली गेली.

"अय्या, अजून हेच पाट?" दामिनी म्हणाली. "लग्नाच्या फोटोच्या वेळीही दोन पाट लागले होते. मीच तर ठेवले होते शालूखाली. दाजी, तुम्हाला ठाऊक न्हाई?"

कढईत मोहरी तडतडत होती. महानंदा लाजेनं लालबुंद झाली. मग एकाएकी तिलाच हसू फुटलं, दामिनीलाही. दोघी बहिणी ओट्याला धरून हसत राहिल्या, आणि मोहरी जळली.

हसणं संपल्यावर महानंदा पाटांवरून खाली उतरली. पदरानं डोळे पुसले.

"इकडं या. कोपर वाकवा."

मी वाकवलं. तिनं माझ्या कोपराखाली बोटं धरली. एक, दोन, तीन, चार. चौथं बोट ग्रॅनाइटला टेकलं.

"काय दाजी, फिट्ट बसलाय की," दामिनी म्हणाली.

महानंदानं माझ्या हातात उलथणं दिलं. मग माझ्याच खिशातली पेन्सिल काढून ती ओट्याशेजारी भिंतीला चिकटून उभी राहिली आणि आपल्या कोपरापाशी नव्या टाइल्सवर एक रेघ ओढली. शेजारी तारीख घातली. "खाजाभाईला सांगा, याच्याखाली चार बोटं. आणि तोवर ही रेघ पुसायची न्हाई."

याला आता पाच महिने झाले. खाजाचा तिसऱ्या होस्टेलचा स्लॅब चालू आहे. भेटला की "आलोच आप्पा" म्हणतो. सकाळी साडेसहाला सरांची पहिली बॅच सुरू होते तेव्हा मी ओट्यापाशी उभा असतो आणि महानंदा बैठकीत चहा घेत खिडकीतून पोरं बघत असते. तिचा खांदा दुखायचा थांबलाय. माझ्या भाकऱ्या अजून फुगत नाहीत, पण मापाच्या बाबतीत म्हणाल, तर मी पहिल्याच ओळीत सांगितलंय. ओटा माझ्या कोपराखाली बरोबर चार बोटं आहे.