मांडीचा काही भरवसा नाही

देवरेसाहेबांच्या शर्टाच्या खिशात पेन नसतं. पितळेच्या पातळ पट्ट्या असतात, नखाएवढ्या कापलेल्या, एका प्लास्टिकच्या पाकिटात जाडीप्रमाणे लावून ठेवलेल्या. हॉटेलात बसले की ते आधी टेबलाच्या कडेवर दोन बोटं टेकवून दाबतात. टेबल डुगडुगलं की "हलतंय" म्हणतात, खाली वाकतात, नेमक्या पायाखाली नेमकी पट्टी सरकवतात आणि मगच मिसळ मागवतात. नाशकातल्या निम्म्या मिसळीच्या टेबलांखाली आमच्या देवरेसाहेबांचं पितळ आहे, हे मी पैजेवर सांगतो. माझ्या पुतणीच्या लग्नाच्या अल्बममध्ये वरमालेचा एक सुरेख फोटो आहे. नवरा-नवरी एकमेकांकडे बघून लाजतायत आणि दोघांच्या मधून चौरंगाखाली वाकलेल्या देवरेसाहेबांची पाठ दिसतेय.

पाथर्डी फाट्याजवळच्या आमच्या सोसायटीत ते बरोबर माझ्या डोक्यावर राहतात, म्हणजे मी पहिल्या मजल्यावर आणि ते दुसऱ्या. मूळचे बागलाणातल्या नामपूरचे. अंबडच्या एका कारखान्यात टूलरूमला चौतीस वर्षं काढली. मशीनवर चढवलेल्या तुकड्याला तिकडे जॉब म्हणतात आणि तो जॉब जागचा हलू नये म्हणून जे साधन त्याला धरून ठेवतं ते फिक्स्चर. साहेब आयुष्यभर ही फिक्स्चरं बनवत आले. त्यामुळे जगात दोनच प्रकारच्या गोष्टी आहेत असं त्यांचं मत झालं आहे, हलणाऱ्या आणि न हलणाऱ्या. मी विम्याच्या ऑफिसातला माणूस, मला ते पहिल्यापासून हलणाऱ्यांत धरतात.

ते रिटायर झाले तेव्हा टूलरूमच्या पोरांनी मिळून त्यांना गिटार दिली. पोरं म्हणजे पन्नाशीला टेकलेली माणसं, पण साहेबांच्या लेखी पोरंच. कधीतरी खंडेनवमीला मशीनची पूजा आटोपल्यावर पेढा खाता खाता साहेब बोलून गेले होते की, गिटार शिकायची राहूनच गेली. पोरांनी ते लक्षात ठेवलं.

मोबाइलवर गिटारचे फुकट धडे असतात. पहिल्या धड्याच्या तिसऱ्या मिनिटाला तो शिकवणारा म्हणाला की, खुर्चीवर ताठ बसा, खांदे सैल सोडा आणि गिटार मांडीवर ठेवा. साहेबांनी व्हिडिओ थांबवला आणि मला वर बोलावलं.

"मांडीवर ठेवा म्हणतोय, भालेराव. मांडी काय सपाट शे का?" चिडले की त्यांच्या बोलण्यात नामपूरची अहिराणी डोकावते. "माणूस श्वास घेतो, मांडी हलते. घाम येतो, जॉब घसरतो. मांडीचा काही भरवसा नाही."

त्यानंतर सात महिने साहेब त्या तिसऱ्या मिनिटाच्या पुढे गेले नाहीत. आधी आधार, मग वाजवणं, असं ठरलं.

यात मी कसा अडकलो तेही सांगतो. कारखान्यातला त्यांचा एक नियम होता. आपण केलेला जॉब आपण पास करायचा नाही, करणारा वेगळा आणि तपासणारा वेगळा. शिवाय गिटार धरून बसलेल्या माणसाला स्वतःचा खांदा दिसत नाही. तेव्हा तपासायला कोणीतरी पाहिजे. "तुम्ही क्वालिटी," असं त्यांनी मला जिन्यातच सांगून टाकलं, आणि ऑफिसातून आल्यावर रोज साडेसहाला मी दुसऱ्या मजल्यावर ड्युटीवर जाऊ लागलो. त्यांच्यासमोर माझी एक खुर्ची. हातात एक छापील तक्ता. त्यात डावा खांदा, उजवा खांदा, मान, कंबर आणि गिटारची हालचाल असे पाच रकाने. साहेब गवती चहा द्यायचे, गिटार घेऊन बसायचे, चार तारा छेडायचे आणि समोर बघत विचारायचे, "खांदा वर जातोय का?"

मला गिटारमधलं काही कळत नाही. रेडिओवर गिटार आहे की सतार, हे मी बायकोला विचारतो. पण तक्ता हातात आला की माणसाला चेव चढतो. मी डोळे बारीक करून खांदा बघायचो आणि "किंचित" असं लिहायचो.

पहिला आधार म्हणजे डाव्या पायाखाली जेवायचा पाट. खरोखरचे गिटारवाले तसंच छोटं स्टूल घेतात म्हणे. साहेबांनी तो पाट तीन वेळा कापला, एकदा सहा इंचांवर, एकदा पाचवर, एकदा साडेचारवर. बसणं दिसायला झोकात, पण दहा मिनिटांत पायाला मुंग्या यायच्या आणि उठताना साहेब माझा हात धरायचे. नापास. मग मांडीवर उशी झाली, ती हलत होती. मग खांद्यावरून पट्टा झाला. पट्ट्याने गिटार राहिली बरोबर, पण साहेबांची मान खाली गेली. पुढे ऑनलाइन एक आधार मागवला. तो रबराच्या वाट्यांनी गिटारच्या कडेला चिकटतो आणि खाली मांडीवर टेकतो. चिकटला. साहेबांनी तीन तारा छेडल्या, चौथीला फट्‌ असा आवाज झाला आणि गिटार माझ्या पायाच्या अंगठ्यावर आली. तक्त्यात अंगठ्याचा रकाना नव्हता, तो मी हाताने आखला.

या प्रकारानंतर साहेब पेटले. एसटीने सिन्नरला गेले, तिथे त्यांच्या हाताखाली शिकलेल्या एकाचं वर्कशॉप आहे, आणि दोन दिवसांनी जे घेऊन आले ते बघून मी दारातच थांबलो. खुर्चीला बोल्ट केलेली लोखंडी चौकट, तिला चार क्लॅम्प आणि त्या क्लॅम्पांत गिटार. मशीनवरच्या जॉबसारखी पकडलेली.

"हलवा," साहेब म्हणाले.

मी दोन्ही हातांनी ओढली. खुर्ची सरकली, साहेब सरकले, गिटार चौकटीत होती तशीच राहिली. त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान मी आधी कधीच पाहिलं नव्हतं. मग त्यांनी तार छेडली. ठक्‌ झालं. दुसरी छेडली. पुन्हा ठक्‌, जसं कोणी दारावर एका बोटाने वाजवावं.

साहेबांनी चारही क्लॅम्प पुन्हा तपासले.

"आवाज यायला ती थोडी हलावी लागत असेल," मी भीतभीत म्हणालो.

"हालस ना भो!" साहेब कपाळावर हात मारून म्हणाले. "लाकूडच हालस! त्याचाच तर आवाज!" चौतीस वर्षांत पहिल्यांदा न हलणं चुकलं होतं. ते त्यांच्या फार जिव्हारी लागलं. दोन दिवस मला ड्युटी नव्हती.

अशाच एका तपासणीच्या वेळी सुमनवहिनींचा व्हिडिओ कॉल आला होता. सुमनवहिनी म्हणजे साहेबांची बायको. मुलीला बाळ झालं म्हणून सहा महिन्यांसाठी हैदराबादला गेल्या, मग दुसरं बाळ झालं, आता तिसरं वर्ष चाललंय. साहेबांनी घाईने गिटार सावरली, मोबाइल लांब धरला, म्हणजे आधार दिसावा. तिकडून वहिनींनी जेवणाचं विचारलं, तेवढ्यात नातू पडला की काय, रडण्याचा आवाज आला आणि पडद्यावर फक्त छतावरचा पंखा दिसायला लागला. साहेब दोन मिनिटं त्या पंख्याकडे बघत होते. मग कॉल तुटला.

"तुम्हीच का जात नाही तिकडे?" मी विचारलं.

"एक बेडरूमचं घर आहे. जावई घरूनच काम करतो. मी गेलो की सगळ्यांना जागचं हलावं लागतं," ते म्हणाले आणि गिटार परत मांडीवर घेतली. "खांदा बघा."

गणपतीच्या आधी शेवटचं मॉडेल तयार झालं. ॲल्युमिनियमची वाकवलेली पट्टी, मांडीच्या गोलाईत बसणारी, आतून जाड बनातीचं अस्तर, वर गिटार टेकायला रबर लावलेली खाच आणि उंची कमी-जास्त करायला एकच स्क्रू. वस्तू इतकी देखणी की माझ्यासारख्या अडाण्यालाही हात लावावासा वाटला. मी मनात म्हटलं, सुटलो.

कसला सुटतोय! रोज साडेसहाला जावं तर काहीतरी हलतंय. साहेब चार तारा छेडणार, गिटारची मान हळूच खाली येणार आणि ते स्वतःच म्हणणार, "बघितलंत? उतरतेय." मी "नापास" लिहिणार. चहा, तक्ता, नापास. दोन महिने गेले. माझी बायको मंगल मला म्हणायची, "अहो, दुपारी वरून छान वाजवल्यासारखं ऐकू येतं. सलग, अख्खं गाणं." मी म्हणायचो, रेडिओ असेल. ज्या माणसाला चार तारांपुढे जाता येत नाही तो दुपारी कुठलं गाणं वाजवतोय?

मग एका सोमवारी ऑफिसात मॅनेजरशी वाजलं, घरी येताना पावणेदोन तास द्वारकेच्या चौकात ट्रॅफिकमध्ये अडकलो आणि त्यात वर जाऊन पुन्हा खांदा बघायचा. गिटारची मान खाली आली. मी पाचही रकान्यांत पास लिहिलं आणि खाली झोकदार सही ठोकली.

"नीट बघितलंत का?" साहेब म्हणाले. "हलतंय इथे."

"हलू द्या, साहेब. गिटार आहे, विमान नाही. पास. सुटलो एकदाचे, तुम्हीही आणि मीही."

त्यांनी तक्ता हातात घेतला, सही बघितली, घडी घातली. "बरं," म्हणाले. "मग उद्यापासून तुम्हाला यायला नको." मला तेव्हा ते वाक्य नुसतं छान वाटलं.

साहेब शिस्तीचे. जॉब पास झाला म्हणजे फाइल बंद. त्यांनी मला परत बोलावलं नाही. मी रोज सात वाजता टीव्हीसमोर पाय पसरायला लागलो. महिना-दीड महिना गेला असेल. एका रविवारी मंगल म्हणाली, "वरून हल्ली काहीच ऐकू येत नाही हो. दुपारीसुद्धा नाही. बरे आहेत ना?" तिने वांग्याचं भरीत केलं होतं, ते डब्यात घालून मला वर पिटाळलं.

दार साहेबांनीच उघडलं. बरे होते, दाढी तेवढी वाढलेली. घरात सगळं जागच्या जागी होतं. त्यांची खुर्ची, तिच्यासमोर माझी खुर्ची, दीड महिना झाला तरी तिथेच. गिटार भिंतीला टेकवलेली आणि तो सुंदर आधार टेबलावर, धूळ पुसलेला.

"वाजवत नाही वाटतं?" मी माझ्या खुर्चीत बसत विचारलं.

"नाही वाजवत."

"आणि दिवसभर करता काय?"

"काय करणार? परवा बँकेतून कर्ज पाहिजे का म्हणून एका मुलीचा फोन आला होता. सात मिनिटं बोललो. फार सभ्य मुलगी," साहेब म्हणाले. मग डबा हातात घेऊन उभेच राहिले. त्यांना काहीतरी सांगायचं होतं आणि जमत नव्हतं, हे माझ्यासारख्याच्याही लक्षात आलं.

"भालेराव, तो आधार पहिल्याच दिवशी पास होता," ते शेवटी म्हणाले. "गणपतीच्या आधीच. काही हलत नव्हतं. तुम्ही यायच्या आधी मीच स्क्रू अर्धा फेरा सैल करून ठेवायचो."

मी टेबलावरच्या आधाराचा स्क्रू फिरवून बघितला.

"दुपारी घट्ट करून वाजवायचो. येतं मला बरंच. ते साडेसहापर्यंतचा वेळ जावा म्हणून. मग सव्वासहाला सैल करायचो आणि चहाचं आधण ठेवायचो." त्यांनी डबा टेबलावर ठेवला, सरळ केला, पुन्हा सरळ केला. "चौतीस वर्षांत कोणापुढे खोटा जॉब ठेवला नाही. तुमच्यापुढे दोन महिने ठेवला. ते सांगायचं होतं."

मला फार लाज वाटली. त्यांची नाही, माझी. सुटलो म्हणालो होतो मी, तेही त्यांच्या तोंडावर. आणि खाली जाऊन मंगलला शिरा करायला लावला होता. माफ केलं म्हणावं तर ते त्यांना आणखी लागलं असतं आणि रोज येत जाईन म्हणावं तर त्यांना त्यात दयेचा वास आला असता.

"ते राहू द्या, साहेब," मी म्हणालो. "मी वेगळ्याच कामाला आलोय. मला गिटार शिकायचीय."

"तुम्हाला?"

"का? मला कान नाहीत?"

"कान आहेत," साहेब म्हणाले, पण त्यात काही फारसा विश्वास नव्हता.

"पण हा तुमचा आधार मला चालायचा नाही. तो तुमच्या मांडीच्या मापाचा. माझी मांडी ही अशी, त्यात हे पोट. गिटार ठेवायची कुठे?"

साहेबांनी पहिल्यांदाच माझ्याकडे जॉब म्हणून बघितलं. जवळ आले, गुडघ्यावर बसले, माझ्या मांडीवर दोन बोटं टेकवून दाबली. मग पोटाकडे बघून मान हलवली. आतल्या खोलीत जाऊन मापाची टेप, पेन्सिल आणि कोरा तक्ता घेऊन आले. गुडघ्याची उंची घेतली, मांडीचा घेर घेतला, खुर्चीपासून पोटाचं अंतर दोनदा घेतलं. मी श्वास रोखला होता. "श्वास घ्या, श्वास घ्या," ते म्हणाले, "हलणार हे गृहीत धरूनच करायचंय आता."

मी श्वास सोडला. पोट पुढे आलं. त्यांनी ते लिहून घेतलं.

"अवघड काम आहे," ते तक्त्याकडे बघत म्हणाले. "पाच-सहा मॉडेलं तरी करावी लागतील. सिन्नरला जावं लागेल."

"मला घाई नाही."

"माप पुन्हा पुन्हा घ्यावं लागेल," त्यांनी टेप गुंडाळली, माझ्याकडे न बघता. "रोज यावं लागेल."

"येईन," मी म्हणालो.