पाडीला पाणी

भागीरथी वारली आखाजीच्या आधी, ऐन उन्हाळ्यात. पण ती जाताना काय काय घेऊन गेली, हे सुपडूला कळलं पावसाळा निम्मा सरल्यावर, कतारगामला जयंतीभाईंच्या कॉफीच्या दुकानात, एका गाण्याच्या मधोमध.

सुपडू पेटी वाजवून गाणी म्हणायचा. लूमचं खातं, म्हणजे मागाचा कारखाना, सोडल्यापासून त्याचा तोच धंदा होता. सुरतेत वीज वाचवायला कारखान्यांची सुट्टी भागाभागाने वेगळ्या वारी असे. ज्या भागाची सुट्टी, तिथली लाइन दिवसभर बंद. कारागीर रिकामे, कॉफीची दुकानं भरलेली आणि दुकानातला टेपरेकॉर्डर मुका. अशा दिवशी बिनविजेचा गाणारा लागतो. म्हणून सुपडू आज कतारगाम, उद्या डिंडोली, परवा कडोदरा असा पेटी घेऊन फिरायचा. त्याच्या गळ्याला माइक लागत नसे. आयुष्य लूमच्या खडखडाटात गेल्यावर माणूस हळू बोलायचं विसरतो.

भागीरथी गेल्यावर पेटी बंदच होती; त्या दिवशी ती पहिल्यांदा निघाली, आणि जयंतीभाईंनी दुकानाबाहेर पाटी लावली होती. 'सुपडूभाई पेटीवाला. सोलो.'

"सोलो मतलब क्या, शेठ?" सुपडूने विचारलं.

"मतलब एकला. एकटा."

"वो लिखनेका क्या काम है?"

जयंतीभाईंनी विचार केला. "पहेलां बे जण आवता हता ने," ते म्हणाले.

ते खरंच होतं. पाटी तशीच राहिली.

पूर्वी भागीरथी बरोबर यायची आणि दाराजवळच्या खुर्चीवर बसायची. कॉफी बशीत ओतायची, निवू द्यायची आणि तोंडातल्या तोंडात पुटपुटत राहायची. लोकांना वाटे, बाई नामस्मरण करते. ती नवऱ्याला गाणं सांगत असे. सुपडूला प्रत्येक गाण्याचं पहिलं कडवं पाठ होतं. दुसरं कडवं त्याच्या डोक्यात कधी राहिलंच नाही.

ती दोघं एकाच खात्यात होती. तो लूमवर, ती बॉबिन भरायला. तिथे कानाचा उपयोग नसतो. बोलायचं ते ओठ हलवून आणि समजायचं ते ओठ बघून. मुकादमाचे गुजराती ओठ, ओरिसावाल्यांचे हिंदी ओठ, सगळे वाचता यावे लागतात. त्या दोघांची भांडणंसुद्धा तिथे बिनआवाजाची झाली होती. मुकादम इतरांना सांगायचा, "ये देखो, कितना शांत जोडा है." पुढे गाण्यातही तेच चालू राहिलं. भागीरथीचे ओठ हलले की सुपडूचा गळा चालू होई. मध्ये डोकं येत नसे.

बाकीची गाणी सगळ्यांची होती. ती अडली तर गिऱ्हाईक पुढची ओळ सांगत. पण शेवटचं गाणं भागीरथीचं होतं, तिने स्वतः केलेलं. लग्न होऊन सुरतेला आली तेव्हाचं.

सुरतले चालनी गाडी, माय व,
गोठामा राह्यनी पाडी, माय व,
तिले पानी कोन पाजी, माय व?

मी तर सुरतेला निघाले, गोठ्यातल्या पाडीला आता पाणी कोण पाजणार? एवढं विचारून पहिलं कडवं संपे. दुसऱ्यात त्याचं उत्तर होतं.

सुपडूने पहिलं कडवं म्हटलं आणि सवयीने दाराजवळच्या खुर्चीकडे बघितलं. खुर्चीवर एक हिरे घासणारा कारागीर बसला होता. तो शेजाऱ्याशी हळूच काहीतरी बोलत होता. ओठ हलत होते. सुपडू गाऊ लागला,

खमण वासी छे, माय व,
कालनुं लागे छे, माय व,
शेठने कहेशो ना, माय व.

कारागिराचा घास तोंडातच राहिला. गल्ल्यावर बसलेल्या जयंतीभाईंनी एक बशी उचलून वास घेतला.

"कालचं नाय. सकाळचं, सवारनुं छे," ते म्हणाले.

"कई सवारनुं?" मागून कोणीतरी विचारलं.

मग हसणं आवरेना. जयंतीभाईंनी खमण गाईला घातलं, आणि लोक उठून न जाता उलट कॉफी मागवू लागले, तेव्हा त्यांनी हसायला सुरुवात केली. "आवता अठवाडिये पाछा आवजो, सुपडूभाई," ते म्हणाले.

सुपडू हसला नाही. पेटी गुंडाळताना त्याने खुर्चीकडे पुन्हा एकदा बघितलं. पाडीला पाणी कोणी पाजलं, हे त्याला माहीत नव्हतं. ते त्याने किती वेळा गायलं होतं, आणि माहीत नव्हतं.

घरी येऊन त्याने मुलीला विचारलं. "नूतन, तुझी आई ते पाडीचं गाणं म्हणायची. त्याचं दुसरं कडवं येतं का तुला?"

"पप्पा, मने क्यांथी आवडे? मला कुठून येणार?" नूतन म्हणाली. तिची शाळा सगळी गुजरातीत झाली होती. "आई मोठ्याने कधी म्हणायचीच नाही. नुसते ओठ हलवायची."

"ते बघायचं ना मग."

"मी काय लूमवर होते का?"

भिंतीवर भागीरथीचा फोटो होता. फोटोत ओठ मिटलेले होते.

कडोदऱ्याला सुपडूच्या आधी खमणाची गोष्ट पोचली. तिथल्या दुकानात दाराजवळच्या खुर्चीसाठी झोंबाझोंबी चालली होती. प्रत्येकाला आपलं बोलणं गाण्यात ऐकायचं होतं. शेवटी एका खात्याचा मुकादम खुर्चीवर बसला. त्याला गोष्ट माहीत नव्हती. त्याला फक्त बसायला जागा पाहिजे होती.

सुपडूने ठरवलं होतं की खुर्चीकडे बघायचं नाही. पहिली गाणी त्याने पेटीकडे बघून म्हटली. पाडीच्या गाण्यालाही तो पेटीकडेच बघत होता. पण "तिले पानी कोन पाजी" आलं आणि मान आपोआप वळली. मुकादम जोडीदाराच्या कानाला लागला होता. सुपडूने गायलं,

सोमवार से जाते हैं, माय व,
सामनेवाले शेठ के खाते में, माय व,
सब कारीगर लेके, माय व.

मागच्या टेबलावर मुकादमाचा शेठ बसला होता. तो उठला. मुकादम उठला. खुर्ची पडली, मग टेबल, मग टेबलावरचे कप.

"मैं कुछ बोला ही नहीं!" मुकादम ओरडला.

"तो ये किसका गाना है?" शेठने विचारलं.

सगळे सुपडूकडे बघू लागले. "गाना मेरी घरवाली का है," सुपडूने खरं ते सांगितलं.

"तेरी घरवाली को किसने बताया?"

सुपडू पेटी डोक्यावर घेऊन मागच्या दाराने निघाला. पुढे असं झालं की कारागिरांना थोपवायला शेठने त्या आठवड्यात खात्यात पंखे बसवले, म्हणून कारागीर सुपडूला दुवा देऊ लागले. मुकादमही सुपडूला शोधू लागला, पण दुवा द्यायला नाही. सुपडूला कडोदरा बंद झालं.

कतारगामला जयंतीभाईंनी उपाय काढला. दाराजवळची खुर्ची रिकामी ठेवायची. तिच्यापुढे टेबलावर त्यांनी एक कप उपडा ठेवला, म्हणजे कोणी बसणार नाही.

खुर्ची रिकामी राहिली. सुपडूने पहिलं कडवं म्हटलं, खुर्चीकडे बघितलं आणि थांबला. पेटीचा भाता हलत राहिला. सूर येत होता, शब्द येत नव्हते.

"पछी?" खमणवाल्या कारागिराने विचारलं.

"आगे का नहीं है मेरे पास," सुपडू म्हणाला.

"ऐसे कैसे नहीं है? पाडी का क्या हुआ?"

तिथले बहुतेक कारागीर सौराष्ट्रातून आलेले होते. प्रत्येकाच्या मागे गावात काही ना काही बांधलेलं होतं. खमणवाल्याच्या गावी तर म्हैसच होती.

"पडोशी पाय," एक जण म्हणाला. शेजारी पाजतो.

"पडोशी? मेरा पडोशी तो दूध निकाल लेगा, पानी नहीं पिलाएगा."

"भाई है न तेरा गाँव में?"

"भाईनी वात जवा दे," खमणवाला म्हणाला, आणि उठून कोपऱ्यावरच्या एसटीडीत गेला. परत आला तेव्हा त्याने सांगितलं की म्हशीला पाणी मिळालं आहे, पण भाऊ चिडला आहे. "आता ह्या पाडीचं सांगा," तो म्हणाला.

"पुढच्या वेळी," सुपडू म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

पुढच्या वेळी दुकानात उभं राहायला जागा नव्हती. पाडीचं काय झालं ते ऐकायला लोक शेजारच्या गल्लीतून आले होते. जयंतीभाईंनी सुपडूला बाजूला घेतलं.

"मिल गया?"

"नहीं, शेठ."

"मिले तो भी जल्दी मत गाना," जयंतीभाई म्हणाले. "दिवाळी सुधी खेंचो."

सुपडूला दिवाळीपर्यंत खेचायचं नव्हतं. बाकीची सगळी गाणी त्याच्याशिवायही राहणार होती. हे एकच गाणं असं होतं, की दुसरं कडवं सापडलं नाही तर ते गेलंच. मग त्याला प्रमिलाबाई आठवली.

प्रमिलाबाई भागीरथीबरोबर बॉबिन भरायची. आता डिंडोलीला उखाच्या दुकानामागे राहायची. उखाच्या पाटीवर चहा मोठ्या अक्षरात आणि कॉफी बारीक अक्षरात होती. सुपडू तिथे गायला आला की प्रमिलाबाई येऊन भागीरथीसमोर बसायची. सुपडू सोडला तर तिच्याइतके भागीरथीचे ओठ दुसऱ्या कोणी वाचले नव्हते. सुपडूने तिला घरी जाऊन गाठलं.

"असं घरमा बठीसन नही आठवाव, भाऊ," ती म्हणाली. "पेटी वाजनी ते आठवी. उखानी सुट्टीना दिन या."

डिंडोलीच्या सुट्टीला सुपडू गेला. उखाने खुर्ची पुसून दाराजवळ ठेवली. प्रमिलाबाई भाजीची पिशवी पायाशी ठेवून बसली. दुकानात सगळे आपल्याकडचेच होते. शहाद्याचे, दोंडाईच्याचे, नंदुरबारचे. पाडी म्हणजे काय हे इथे कोणाला सांगावं लागत नव्हतं.

"म्हना, आबा," उखा म्हणाला. "आज पाडीनं काय ते व्हई जाऊ दे."

सुपडूने बाकीची गाणी म्हटलीच नाहीत. सरळ पाडीचं घेतलं. पहिलं कडवं झालं. त्याने खुर्चीकडे बघितलं. प्रमिलाबाईने एकदा छताकडे बघितलं, एकदा पिशवीकडे, आणि मग ओठ हलवले. सुपडूचा गळा चालू झाला.

माले काय माहीत, माय व,
ती रोज नवं सांगे, माय व,
तुम्हना तोंडकडे देखीसन, माय व.

दुकानाने टाळ्या वाजवल्या. "वा, आबा!" उखा ओरडला. "भेटनं दुसरं कडवं!"

सुपडूचा हात भात्यावर थांबला. आपण काय गायलो ते त्याला आत्ता ऐकू आलं.

"काय म्हनी तू?" त्याने विचारलं.

"तुम्ही जे म्हनात तेच," प्रमिलाबाई म्हणाली. "तिना दुसरं कडवं नव्हतंच, भाऊ. ती तुम्हना तोंडकडे देखे आणि तठेच बनाडे. येक दिन म्हने, सासू पाजी. येक दिन म्हने, शेजारीन पाजी. तुम्ही घरथून भांडीसन उनात का म्हने, कोनीच नही पाजी, पाडी दावं तोडी सुरतले येई."

"मी ते गायलो?"

"गायनात ना! तिना ओठकडे देखीसन, येकदम मोठा आवाजमा. आम्हनं हासी हासी पोट दुखे."

उखा हसला. दुकान हसलं. आणि भागीरथी गेल्यापासून पहिल्यांदाच सुपडूही हसला. घरून भांडून आल्यावर भर दुकानात बायकोचीच तक्रार मोठ्याने गाणारा नवरा त्याला दिसत होता. तो बराच वेळ हसत होता. प्रमिलाबाईने त्याच्यापुढे बशी सरकवली.

"मंग खरं कोनतं?" शेवटी त्याने विचारलं. "पाडीले पानी कोनी पाजं?"

"मीबी इचारं व्हतं तिले."

"काय म्हनी?"

"म्हने, अजून ठरेल नही."

पुढच्या आठवड्यात सुपडू कतारगामला गेला. पाटी होती, खुर्ची होती, कप उपडा होता. खमणवाला पुढच्याच टेबलावर बसला होता. बरोबर त्याने गावाहून आलेल्या भावालाही आणलं होतं.

"मळ्युं?" त्याने विचारलं.

सुपडूने पेटी उघडली. घरी त्याने करून बघितलं होतं. गाडीला जुळणारे शब्द पुष्कळ होते, पण ते कोणाच्या तोंडाकडे बघून म्हणायचे हे त्याला समजत नव्हतं. त्याने पहिलं कडवं म्हटलं, रिकाम्या खुर्चीकडे बघितलं आणि भाता मिटला.

पाडीला पाणी पाजायचं अजून राहिलं आहे.