दाते मोजणारे तात्या

विट्याच्या बाजारात आमच्या शेजारच्या तात्यांनी कंगवा घेतला आणि भर गर्दीत त्याचे दाते मोजले. एक कमी भरला, म्हणून परत केला. दुकानदार नुसता बघत राहिला. मीही हबकलो, कारण तात्यांच्या डोक्यावर टक्कल होतं.

मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. हे मी सांगतो, कारण तात्या ते मोजतच नाहीत. कुठलीही गोष्ट सांगितली की त्यांचं एकच, "दाते मोजलेस का रं?"

तात्यांचा ट्रक माझ्यापेक्षा वयानं मोठा. माणदेशात कडबा पोचवून पोचवून म्हातारा झालेला. तात्यांच्या पत्नी इंदूकाकी वारल्या, त्याच सुमाराला त्याचा स्टार्टर जळला. तेव्हापासून दोन वर्षं तात्या गाडी शाळेपुढच्या उतारावरच लावायचे आणि ढकलून चालू करायचे. पण आता आरटीओचं पासिंग आलं. तिथं सपाट जागेत चावीवर गाडी चालू झाली नाही, तर ती थेट भंगारात.

मी सांगलीहून स्टार्टर आणला. दुकानदार म्हणाला, इंजिनाच्या चक्राचे दाते किती ते सांगा, जोडीचा देतो. मी ऐटीत म्हणालो, गाडीचा नंबर बघून द्या. मला काय माहीत, आतलं इंजिन तात्यांनी कधीच दुसऱ्या ट्रकचं बसवलंय!

स्टार्टर बसवून चावी फिरवली आणि असा करकरून आवाज आला की शाळेतली पोरं वर्ग सोडून बाहेर आली.   "पदवीला दाते नसत्यात, गड्या," तात्या एवढंच म्हणाले.

स्टार्टर काढला. मग मोजायचं ठरलं. हे एकट्याचं काम नाही. एकानं पुढून पान्यानं इंजिन हळूहळू फिरवायचं, दुसऱ्यानं गाडीखाली झोपून स्टार्टरच्या भोकातून चक्राचा एकेक दाता मोजायचा. एका दात्यावर खडूची खूण केली. मी पाना धरला, तात्या गाडीखाली गेले. खालून आकडे येऊ लागले. पन्नास, साठ. माझा हात जरा जोरात गेला.

"हळू गं इंदे."

मी पाना थांबवला. म्हणजे माझ्या जागी हा पाना इंदूकाकी धरायच्या. दोन वर्षं हा माणूस उतार का शोधत होता, ते मला तेव्हा कळलं.

खालून तात्या म्हणाले, "आकडा चुकला. पयल्यापासनं फिरव."

मी फिरवलं. अगदी हळू.

मोजणी बरोबर निघाली. सांगलीच्या दुकानदारानं स्टार्टर बदलून दिला. पासिंगला गाडी पहिल्या चावीला चालू झाली.

चार दिवसांनी तात्या पाना घेऊन आमच्या दारात. चप्पल न काढताच उंबऱ्याबाहेर उभे.

"मला जरा शंका वाटतीया," खाली बघत म्हणाले. "एकदा मोजून बघायचं का? तुला येळ असंल तर."

गाडी चालू होत होती, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. मी पाना हातात घेतला.