साडूच्या गाडीचे दिवे

साडूची गाडी दुकानासमोर येऊन उभी राहिली तेव्हा शिंपी एका कोटाला गुंडी लावत होता. काचेतून त्याने एकदा बाहेर पाहिलं आणि सुई सरळ स्वतःच्या अंगठ्यात घातली.

दोघा साडूंनी एकाच दलालाकडून दोन जुन्या गाड्या घेतल्या होत्या. रंग तोच, वय तेच, दारांची कुरकुरही तीच. सासुरवाडीच्या दारात त्या शेजारी उभ्या राहिल्या की कोणती कोणाची ते कळायचं नाही, आणि म्हणूनच त्या घरात शांतता होती. आज साडूच्या गाडीचं छप्पर आणि बॉनेट काळंभोर चकाकत होतं. पुढच्या दिव्यांभोवती पांढऱ्या प्रकाशाची कडी होती. बंपरखाली निळसर उजेडाची पट्टी होती, आणि भर सकाळी ती पेटवायचं काही एक कारण नव्हतं.

साडू घड्याळं दुरुस्त करायचा. खाली उतरून त्याने रुमालाने आरसा पुसला. "घरीच केलं सगळं. एका दुपारचं काम. पत्र्यावर काळी फिल्म चिकटवायची, थोडी ऊब द्यायची, बसते आपोआप. दिव्यांचं म्हणाल तर दोन वायरी. हात हवा फक्त."

"हो, छान झालंय," शिंपी म्हणाला. ते 'छान' त्याने दातांतून बाहेर काढलं होतं. अर्ध्या गावाच्या अंगावर ज्याच्या हातचे कपडे, त्याला हा माणूस हात शिकवणार.

एरवी शिंप्याने हे गिळलं असतं. पण शनिवारी सासरे निवृत्त होणार होते. उभा जन्म त्यांनी बस चालवून लोकांना घरी सोडलं होतं. शेवटच्या दिवशी तरी त्यांना कोणीतरी गाडीत बसवून डेपोतून घरी आणावं, अशी सासूबाईंची इच्छा होती. जावई दोन आणि सासरे एक. सासूबाईंनी निकाल देऊन टाकला होता, "सगळा डेपो बघणार. दोन्ही गाड्या आणा. शोभेल तीत बसतील."

"भाऊजींचीच शोभणार," शिंप्याची बायको रात्री ताट वाढता वाढता म्हणाली. "ताई सांगत होती, सिग्नलला लोक वळून बघतात."

"वळून बघतात ते डोळे दिपतात म्हणून."

"तुम्हाला काय झालं जळायला?"

"मी कशाला जळू?" असं म्हणून शिंप्याने आमटी समजून पाणी भातावर ओतलं.

दुसऱ्याच दिवशी तो काळ्या फिल्मचा गुंडाळा आणि दिव्यांची पट्टी घेऊन आला. गळ्यात टेप होतीच. त्याने गाडीची मापं घेतली, खडूने खुणा केल्या, आणि सवयीप्रमाणे चारी बाजूंनी इंचभर दाब सोडून फिल्म कापली. पुढेमागे गिऱ्हाईक जाड झालं तर उसवता यावं म्हणून कपड्यात दाब ठेवतात. बॉनेट जाड होत नसतं, हे त्याला दाब आत दुमडल्यावर कळलं, कारण बॉनेट बंदच होईना. शेवटी तो त्यावर बसला तेव्हा ते लागलं.

मग फिल्मवर फुगे आले. ऊब द्यायची म्हणजे काय, हे शिंप्याला कोणी सांगायला नको होतं. साडूने बायकोचं केस वाळवायचं यंत्र वापरलं होतं, पण तेवढं सांगायचं त्याने बरोबर टाळलं होतं. शिंप्याने दुकानातली इस्त्री आणली, ओलं फडकं अंथरलं आणि विजारीची घडी बसवावी तसा जोर लावला. चर्र आवाज आला. फडकं उचललं तर फुगे गेले होते. त्यांच्याबरोबर फिल्मही गेली होती, आणि बॉनेटच्या डाव्या बाजूला इस्त्रीची हुबेहूब आकृती उमटली होती.

बायको बाहेर आली. "हे काय?"

"डिझाइन आहे."

"एकाच बाजूला?"

शिंप्याने क्षणभर विचार केला आणि उजव्या बाजूलाही इस्त्री ठेवली.

"एक चूक दोनदा केली की फॅशन होते, हे तुमच्याकडून शिकावं," बायको म्हणाली आणि आत गेली.

राहिले दिवे. शुक्रवारी संध्याकाळी तो स्टिअरिंगखाली डोकं घालून आडवा झाला. आत रंगीबेरंगी वायरींचं जंजाळ होतं, पण रंग जुळवण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं. पट्टीची वायर लाल, म्हणून त्याने आतल्या दोन लाल वायरी शोधल्या, तिन्ही सोलल्या आणि पक्का पीळ दिला. पट्टी पेटली नाही. उद्या पेटेल, असं म्हणून त्याने झाकण स्क्रूंनी आवळून टाकलं.

शनिवारी संध्याकाळी बायकोला शेजारी बसवून तो निघाला. पहिल्या वळणावर ब्रेक दाबला आणि हॉर्न वाजला.

"कोणाला वाजवताय?" बायकोने विचारलं.

"मी नाही वाजवला."

पुढे गतिरोधक आला. ब्रेक, हॉर्न. पुढे एक म्हातारी रस्ता ओलांडत होती. तिच्यासाठी तो अगदी आदराने थांबला, आणि ती पलीकडे पोचेपर्यंत गाडी तिच्यावर खेकसत राहिली. म्हातारीने काठी उगारली.

"मी उतरते," बायको म्हणाली.

"आज नको. आज मला साडूचं तोंड उतरलेलं बघायचंय."

"त्यांचं कशाला उतरेल? अहो, बाबांना हॉर्न ऐकवत नाही, हे विसरलात? हॉर्न वाजवतो तो ड्रायव्हरच नव्हे म्हणतात ते."

शिंप्याला घाम फुटला. वाटेत गॅरेज होतं, पण पुढच्या चौकात साडूची गाडी दिव्यांसकट दिमाखात वळताना दिसली. ती आधी पोचणार, सासऱ्यांना गाडीत घालून नेणार, आणि मग जन्मभर प्रत्येक जेवणाला ही गोष्ट वाढली जाणार. शिंप्याने गॅरेज मागे टाकलं.

डेपोच्या फाटकापासून आत रस्ता उताराचा होता. दोन्ही बाजूंना बस ओळीने उभ्या होत्या. खाली सासरे गणवेशात, निरोपाला मिळालेलं भिंतीवरचं घड्याळ छातीशी धरून उभे होते. साडूने गाडीचं दार उघडून धरलं होतं. सासूबाई आत बसल्याही होत्या.

उतार म्हणजे ब्रेक आलाच. शिंप्याने डोळे मिटून पाय दाबला. हॉर्नने जो सूर लावला तो सोडीचना. सगळा डेपो वळून बघू लागला. बायकोने पदर तोंडावर घेतला.

आणि डावीकडच्या एका बसमधून हॉर्नचं उत्तर आलं. कोणा ड्रायव्हरला वाटलं, वडीलधाऱ्याला सलामी द्यायचं ठरलंय आणि आपल्यालाच कोणी सांगितलं नाही. मग उजवीकडची बस वाजली, मग तिच्या मागची. बघता बघता सगळा डेपो घुमू लागला. शिंप्याची गाडी त्या गर्जनेतून सावकाश उतरत सासऱ्यांपुढे येऊन थांबली.

सासऱ्यांचे डोळे भरून आले होते. घड्याळ त्यांनी साडूच्या हातात दिलं. "हे तुमच्याकडे असू द्या. तुम्हाला यातलं कळतं." मग ते शिंप्याच्या खिडकीशी वाकले. "सरका जावईबापू. मागे बसून मला मळमळतं. मी चालवतो."

बायको साडूच्या गाडीत आईजवळ जाऊन बसली. शिंपी बाजूच्या सीटवर सरकला. फाटकाबाहेर पहिल्याच खड्ड्याशी सासऱ्यांनी ब्रेक दाबला. हॉर्न वाजला. त्यांनी पुन्हा दाबून पाहिला. पुन्हा वाजला.



"वायरी कोणी जोडल्या?" सासऱ्यांनी विचारलं.

"मी," शिंपी पुटपुटला. "घरीच."

सासरे गालातल्या गालात हसले. "थोरल्या जावयांना सांगू नका. सलामी तुम्हाला कशी सुचली म्हणून मघापासून धुसफुसताहेत. तोंड बघण्यासारखं झालंय त्यांचं."

शिंप्याच्या काळजावर कोणी थंडगार फुंकर घातल्यासारखं झालं. आठवडाभर तो याच एका दर्शनासाठी झुरला होता. बाहेर अंधारून आलं होतं. तो सीटवर गुडघ्यांवर उभा राहिला आणि मागच्या काचेला डोळे लावून बघू लागला. साडूची गाडी अगदी पाठोपाठ येत होती. पांढऱ्या कड्या लखलखत होत्या, खालची निळी पट्टी रस्ता उजळत होती.

त्या झगमगाटात साडूचं तोंड काही केल्या दिसेना.