इस्तारीभाऊचं घमेलं

आमचा शेजारी इस्तारीभाऊ दारात एक घमेलं ठेवतो. त्यात धुण्याच्या सोड्याचं पाणी. सरपंच असो की पोस्टमन, आधी घमेल्यात उभं राहायचं, मग आत यायचं. जाताना पुन्हा तेच. उद्या दारात देव आला तरी हा म्हणेल, "देवा, पाय बुडव."

कारण विचारलं की उत्तर ठरलेलं. "वयनी, रोग चपलेत बसून फिरते. त्याले तिकीट लागत नाही."

हे खूळ तोंडखुरीच्या साथीपासूनचं. त्या साली गावभरच्या ढोरांच्या तोंडातून लाळ गळत होती, खुरं सडली होती. आणि गाव इतकं हुशार की लंगडणारी ढोरंसुद्धा सकाळी आखरावर नेऊन सोडायचं. आखर म्हणजे जिथून गायकी साऱ्या गावाचा कळप चरायला नेतो ती जागा. इस्तारीभाऊची दोन वासरं गेली, चांदी गाय तेवढी वाचली. बायको आधीच गेली होती, पोरीचं लग्न झालं होतं. घरात उरले तो आणि चांदी.

चांदी बरी झाली, पण उन्हात धापा टाकते आणि अंगावर अस्वलासारखे केस वाढलेत. ढोरांच्या डॉक्टरांनी सांगितलं, "बरी दिसली तरी रोग घशात लपून राहू शकतो. वर्ष, दोन वर्षं. दुसऱ्या ढोरांत मिसळू देऊ नका." सांगितलं सगळ्या गावाला. ऐकलं एकट्या इस्तारीभाऊनं, आणि ते जरा जास्तच ऐकलं. चांदीचं आखरावर जाणं बंद. हा बांधावरून गवत कापून आणतो आणि तिच्यापुढं टाकतो. चावडीवर लोक विचारतात, "काय इस्तारीभाऊ, नवरी बाहेर कधी निघते?"

एकदा ढोरांचा व्यापारी आला. गाय त्याच्या मनात भरली. इस्तारीभाऊ म्हणाला, "घेऊ नको बाप्पा, तिच्या घशात रोग हाये." व्यापारी पळाला, पण जाताना त्यालाही घमेल्यात उभं केलंच.

मी म्हटलं, "विकून टाकायची होती न! तुम्ही सुटले असते."

"मी सुटलो असतो जी. ज्याच्या कोठ्यात गेली असती, त्याचं काय?"

मग मागच्या हिवाळ्यात आसगावचे व्याही बारशाचं आमंत्रण घेऊन आले. इस्तारीभाऊला नातू झाला होता. व्याह्यांकडे गाई-म्हशींनी भरलेला कोठा, साऱ्या घराचं पोट दुधावर. इस्तारीभाऊनं पुढं केलेल्या घमेल्यात ते ऐटीत उभे राहिले. "वा व्याही! पाय धुवायले पाणी! असा मान आता कोण देते?" मग टाचांच्या भेगांत सोडा शिरला आणि ते एका पायावर नाचू लागले.

"अरे, पाण्यात टाकलं काय?"

"सोडा."

"कायले?"

"तुमच्यासाठी नाही जी. तुमच्या म्हशींसाठी."

वर यानं सांगून टाकलं की मी बारशाला येणार नाही. व्याही चहा अर्धा टाकून गेले. संध्याकाळी सुनंदाचा, म्हणजे त्याच्या पोरीचा, फोन आला. ती इतकी ओरडत होती की माझ्या ओट्यावर ऐकू येत होतं. "नातवाहून गाय मोठी झाली काय, बाबा? तुमच्या घमेल्यात उभे राहून या न!"

"घमेल्यात पाय बुडते, बाई. माणूस बुडत नाही. दिवसभर मी तिच्या अंगाशी असतो. तुह्या कोठ्यात रोग आणू काय?"

तिनं फोन ठेवून दिला. हा उठला आणि चांदीपुढं गवत टाकू लागला.

बारशाला मग मी गेले. माझ्याकडे ढोर नाही, म्हणून त्याला मी चालले. तरी मला धुतलेलं लुगडं नेसायला लावलं आणि चपलांवर सोडा ओतला. नातवासाठी रुप्याचे वाळे दिले. तेही सोड्यात उकळलेले. सुनंदानं पुडी उघडून वास घेतला. "बाबाच्या घराचा वास येते," म्हणाली, आणि तिथंच पोराच्या पायात घातले.

जेवायला बसण्याआधी मी हात धुवायला मागच्या दारी गेले. मागं धानाची बांधी आणि पलीकडे तलावाची पाळ. पाळीवर एक माणूस उभा. दाढी केलेली, स्वच्छ धोतर, शेजारी सायकल. पायात चपला नव्हत्या.

मी ओरडले, "इथवर आले तर आत या न!"

"नाही जी! वारा तुमच्याकडून इकडं येऊन राहिला म्हणून उभा हावो. फिरला की जातो!"

मी सुनंदाला हाक मारली. ती पोराला घेऊन आली, तिकडं बघितलं, आणि पोराला दोन्ही हातांनी वर धरलं. पोरानं वाळे वाजवत भोकाड पसरलं. वारा पाळीकडेच होता. इस्तारीभाऊनं कानामागं हात धरला.

आतून मला जेवायला बोलावत होते. पानात वडे वाढले होते, आणि गरम वडे मी कुणासाठी सोडत नाही. वारा फिरेपर्यंत ते पार थंड झाले.